चौसष्ट किलो दोनशे

मुलाखतीत त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. "वजन किती भरतंय तुझं?" मी पुण्याहून मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी घेऊन नुकतीच कोल्हापुरात परतले होते. मुलाखतीत काय विचारू नये यावर आख्खा एक पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता. मी जरा घुश्शातच म्हटलं, याचा कामाशी काय संबंध? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हाय की. जेवढी आलीस तेवढी तरी ऱ्हायला पायजेस इथं." मी तणतणत घरी आले आणि आईला सांगितलं, माणूस विक्षिप्त आहे, मी काही जाणार नाही. चार दिवसांनी गेले, कारण दुसरीकडून कुठूनही फोन आला नव्हता.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचा ओतकामाचा कारखाना होता, आजही आहे. भंगार लोखंड भट्टीत वितळवायचं, रेतीच्या साच्यात ओतायचं आणि पंपांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग काढायचे. माणसं साठ. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मीही आठवड्याभरात म्हणायला लागले. शेती आणि आडत करणाऱ्या जुन्या जैन घराण्यातले ते, आणि लोखंडात पडलेले घरातले पहिलेच. वय सत्तरीला टेकलेलं. अंगात पांढरा हाफ शर्ट आणि पायात कामगारांसारखे जाड सेफ्टी बूट. हे बूट घालून ते लग्नालाही जात, आणि नवऱ्यामुलापेक्षा लोक त्यांच्या पायांकडेच जास्त बघत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी, भट्टी चालू व्हायच्या आधी, अण्णा सगळ्या माणसांचं वजन करत. त्यासाठी वेगळा काटा नव्हता. भंगार ज्या काट्यावर मोजायचं त्याच लोखंडी फळीवर माणसांनी एकेक करून चढायचं. शेजारच्या डब्यात लाल आकडे उमटत. ते आकडे अण्णा स्वतः भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत. प्रत्येक नावापुढे मागच्या तीन महिन्यांची वजनं आणि त्यापुढे आजचं. दोन किलोंपेक्षा जास्त उतरलं की त्या माणसाला भट्टीवरून काढून पॅटर्नच्या खोलीत बसवायचं. पॅटर्न म्हणजे साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने. खोली गार आणि काम नमुने पुसून मांडून ठेवण्याचं. पगारात काही फरक नाही. वजन परत आलं की माणूस परत आपल्या जागी. पंचवीसेक वर्षं हा कायदा चालू होता.

मी सुरुवातीलाच हे बंद करा म्हणून मागे लागले. वार्षिक आरोग्य तपासणीचं शिबिर घेऊ, डॉक्टर येतील, रीतसर अहवाल मिळतील, असं सगळं समजावलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग मला भट्टीपाशी नेऊन विचारलं, टनभर लोखंड आत टाकलं तर बाहेर किती येतं? मी म्हटलं, थोडं कमी येत असणार. "त्याला घट म्हणत्यात," ते म्हणाले. "लोखंडाची घट किती झाली ते आमी रोज बघतोय. मग माणसाची नको बघायला?" शिबिर झालं, अहवालही आले, आणि पहिल्या सोमवारी काटाही चालूच राहिला.

बाकीच्या सवयी तर विचारूच नका. सूर्य मावळल्यावर ते जेवत नसत. त्यामुळे साडेपाचला उठून घरची वाट धरायची आणि आपण उठलो की दुसऱ्या कुणालाही कामाला थांबवायचं नाही, असा त्यांचा हट्ट. मोठे ग्राहक पाचची ऑनलाइन मीटिंग लावत आणि अण्णा बरोबर साडेपाचला कॅमेऱ्याला नमस्कार करून निघून जात. पुढचा अर्धा तास सारवासारव मी करायची. ऑर्डर जाईल म्हणून माझा जीव टांगणीला लागायचा, आणि एकदा खरंच गेली. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले. कामगारांना अकरा वाजता मिळणाऱ्या ताकात मीठ कमी पडलंय म्हणून कारखान्याच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडले, आणि गेलेल्या ऑर्डरचा विषयही काढला नाही.

रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलेलं त्यांना चालत नसे. खरं कारण तोंडाने सांगायचं. एकाने म्हैस व्यायली म्हणून सांगितलं, त्याला दोन दिवस मिळाले. एकाने मान खाली घालून सांगितलं की बायको भांडून हुपरीला माहेरी गेलीय, तिला आणायला जायचंय. त्याला तीन दिवसांची रजा मिळाली आणि वर सल्लाही मिळाला. मोकळ्या हातानं जाऊ नको, पण पैंजण तेवढे नेऊ नको, हुपरीत घरोघरी चांदीकाम, ते तिच्या बापाच्या घरी पोत्यानं पडलेत. जेवणाच्या सुट्टीत अण्णा लोकांच्या डब्यांची झाकणं उघडून बघत. भाकऱ्या किती, कालवण काय, काल होती तीच भाजी आज आहे का. हा खासगीपणाचा भंग आहे, असं मी त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. ते अगदी मन लावून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा डबा उघडला.

चिडले की आवाज रस्त्यापर्यंत जायचा. ऐकायचं कुणाचंच नाही. आपण केलेलं माणसांच्या भल्याचंच असतं, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. माझाही माझ्या पुस्तकांवर तेवढाच होता, म्हणून आमचं रोज वाजायचं. घरी जाताना मात्र माझ्या लक्षात यायचं की आपण आज दिवसभरात एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

त्या वर्षी मी हट्टाने एक योजना आणली. दर महिन्याला एक 'महिन्याचा मानकरी' निवडायचा. हजेरी पूर्ण, उशीर नाही, ओतलेला माल नापास होण्याचं प्रमाण कमी, असे निकष. निवडलेल्या माणसाला फेटा बांधून फोटो काढायचा आणि तो गेटजवळ मोठ्या चौकटीत लावायचा. अण्णा त्या रिकाम्या चौकटीसमोर येऊन उभे राहिले. "एकाला फेटा बांधणार तू," ते म्हणाले. "बाकीची एकोणसाठ डोकी उघडी पडली की गं." मी म्हटलं, त्यातूनच चुरस वाढते, माणसं पेटून उठतात. भट्टी सोडून माणसं कशाला पेटवायची, असं काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी मला अडवलं नाही.

पहिला मानकरी झाला सर्जेराव. उचगावचा गडी, वय पंचेचाळीस, अठरा वर्षं भट्टीवर. लोखंडाचा रंग बघून ओतायची वेळ सांगायचा, यंत्राचा आकडा नंतर बघायचा. माणूस मितभाषी, पण फेटा बांधल्यावर फोटोत असा काही दिसला की चारचौघांनी तो फोटो आपल्या मोबाइलवर ठेवला. दुसऱ्या महिन्यालाही तोच आला. तिसऱ्याला आणि चौथ्यालाही. निकषच असे होते की दुसरं कुणी येणं कठीण. उचगावात त्याला लोक मानकरी म्हणून हाक मारायला लागले. एका रविवारी तो बायकोला आणि मेव्हण्याला घेऊन कारखान्याच्या बंद गेटशी आला आणि जाळीतून त्यांना फोटो दाखवून गेला, हे मला वॉचमनने सांगितलं. मी ती गोष्ट तीन ठिकाणी अभिमानाने सांगितली.

मग पाचव्या महिन्याचा पहिला सोमवार आला. सर्जेराव काट्यावर चढला. आकडा आला चौसष्ट किलो दोनशे. अण्णांनी फळ्यावर लिहायला खडू टेकवला आणि थांबले. मागचे तीन आकडे तिथंच होते. चौसष्ट दोनशे, चौसष्ट दोनशे, चौसष्ट दोनशे. त्यांनी खडू खाली ठेवला आणि सर्जेरावकडे वळून बघितलं.

"चाळीस वर्सं ओततोय मी," ते हळू आवाजात म्हणाले. "एका साच्यातनं दोन नग कधी सारख्या वजनाचे निघालं न्हाईत. तू चार महिनं सारखा कसा काय निघालास?"

अण्णांनी त्याला खिसे रिकामे करायला सांगितलं. पँटच्या खिशांतून लोखंडाचे तुकडे निघाले. ओतलेल्या मालापासून तोडून काढतात आणि भंगारात टाकतात, तसले. चारदोन जण हसले. मग त्याने सदरा वर केला. कमरेला बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी करकचून बांधलेली होती, आणि तिच्यात तसलेच तुकडे ओळीने शिवून टाकलेले. आता कुणी हसलं नाही. तो ते सगळं काढून परत काट्यावर उभा राहिला, तेव्हा आकडा आला छप्पन्न. दर पहिल्या सोमवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन त्याच काट्यावर स्वतःचं वजन जुळवत होता. इमानी माणूस, खोटं करायलाही अगदी काटेकोर गेला आणि त्यातच सापडला.

अण्णा ओरडतील म्हणून सगळे मान खाली घालून उभे होते. ते ओरडले नाहीत. किती दिवस खोकतोस, एवढंच विचारलं. अडीच-तीन महिनं, रेतीची धूळ जातीया, असं तो म्हणाला. अण्णांनी त्याला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, मला मागं बसायला सांगितलं आणि थेट दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी कळलं की क्षय आहे. एक फुप्फुस चांगलंच पोखरलेलं. आणखी दोन महिने असेच गेले असते तर हाताला लागला नसता, असं डॉक्टरांनी आम्हाला तोंडावर सांगितलं. साठही माणसांची तपासणी झाली. सुदैवाने बाकी सगळे निर्धोक निघाले.

मी त्या दिवशी गेटजवळच्या चौकटीसमोर उभी राहिले आणि मला स्वतःची लाज वाटली. फेटा बांधलेला तो माणूस माझ्याकडे बघून हसत होता आणि त्याच महिन्यांत आतून खंगत होता. एक दिवसही रजा नाही, एकदाही उशीर नाही, म्हणून मीच त्याला शाबासकी देत होते. मी फोटो काढायला लागले तेव्हा अण्णा मागं येऊन उभे राहिले. "ऱ्हाऊ दे त्यो," ते म्हणाले. "माणूस आजारी पडला म्हणून मान काढून घेत न्हाईत." मग आम्ही दोघं उचगावला गेलो.

घर दोन खोल्यांचं, दारात दोन म्हशी. सर्जेरावच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी हजारदा म्हटलं ह्यास्नी, अण्णास्नी सांगा. ऐकतोय कोण?" सर्जेराव कॉटवर बसला होता. अण्णा स्टुलावर त्याच्यासमोर बसले आणि थेट विचारलं, "माझ्यापास्नं लपवावं असं मी काय केलतं रं तुला?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वजन उतारलं की तुमी पॅटर्नच्या खोलीत बसवताय, अण्णा. तुमास्नी ती दया वाटती. पर भट्टीवर सगळी म्हणत्यात, बसवला म्हाताऱ्यागत. अठरा वर्सं भट्टीवर हाय मी. भट्टी गेली की मी कोण? आन् आता तर फोटो लागल्याला. गाव बघून गेल्यालं."

मी मान वर करू शकले नाही. पण त्याने फोटोचं नाव शेवटी काढलं होतं आणि खोलीचं आधी, हे अण्णांच्या नेमकं लक्षात आलं. पंचवीस वर्षं ज्याला आपण मायेची सावली समजत होतो ती माणसांना शिक्षा वाटत होती, आणि हे कुणी आपल्याला सांगितलंही नव्हतं. कारण सांगितलेलं ऐकायची आपल्याला सवयच नाही. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. ते उठले आणि सर्जेरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं चुकलं." एवढे दोनच शब्द. मी त्यानंतर दोन कंपन्या बघितल्या, भलीमोठी कार्यालयं बघितली, पण मालकाच्या तोंडून हे पुन्हा ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर खाणं वाढवायला सांगितलं होतं, त्यात रोज दोन अंडी होती. अण्णांच्या घरात अंडं हा शब्दही उच्चारत नसत आणि कारखान्याच्या गेटच्या आत ते आणायला बंदी होती. पुढच्या रविवारी त्यांनी गाडी एका दुकानासमोर थांबवली आणि मला तीस अंड्यांचा ट्रे आणायला पाठवलं. उचगावला जाताना सगळ्या काचा खाली. ट्रे माझ्या मांडीवर आणि अण्णा नजर समोर ठेवून गाडी चालवताहेत. सर्जेरावच्या घराची पायरी उंच होती. दोन्ही हात अडकल्याने मला चढता येईना. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि ट्रे माझ्या हातातून घेऊन स्वतः आत नेला. सर्जेरावची बायको अवघडून गेली, तुमी कशाला, तुमी कशाला, म्हणत राहिली. त्यांनी तो नीट चुलीशेजारी ठेवला, बाहेर येऊन हात धुतले, आणि घरी सांगू नको, एवढंच मला बजावलं. सहा महिने एक रविवार आड हा ट्रे गेला. तो दर वेळी त्यांनीच आत नेला.

सर्जेराव बरा झाला, पण डॉक्टरांनी धूळ आणि भट्टी कायमची बंद केली. तो कामावर परत आला त्या दिवशी अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, आता काय करशील? आणि उत्तराची वाट न बघता खडू त्याच्या हातात दिला. यापुढं वजनं तू घ्यायची. ज्याचं उतरेल त्याला खोलीत बसवायचं नाही. तू त्याच्या घरी जायचं, काय झालंय ते विचारायचं, आणि मग कुठं काम करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं. "काट्याला कसं फसवायचं ते हितं तुला एकट्यालाच म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. माझी योजना मी तोपर्यंत गुपचूप गुंडाळून ठेवली होती. कुणी तिची आठवणही काढली नाही.

सर्जेरावने ते काम भट्टीच्याच इमानाने केलं. खिसे तपासायचा, बूट काढायला लावायचा, दोघांचे पट्टेसुद्धा सोडवले. तिसऱ्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, साठ माणसं झाली आणि तो फळ्याला पाठ करून उभा राहिला. "अण्णा, चढा," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत अण्णा त्या काट्यावर कधी चढले नव्हते आणि त्यांनी चढावं असं कुणाला सुचलंही नव्हतं, मला तर नाहीच. त्यांनी हसण्यावारी नेलं, मग आवाज चढवला, मग मला काय धाड भरलीय, असंही म्हणून बघितलं. सर्जेराव हलला नाही. शेवटी ते बूट काढून चढले. बावन्न किलो. मागचा आकडा कुठेच नव्हता, म्हणून घट काढायला काही साधन नव्हतं. पण सर्जेराव त्या आकड्याकडे बघतच नव्हता. तो त्यांच्या कमरेकडे बघत होता.

"पट्ट्याला तीन नवी भोकं हायती, अण्णा," तो म्हणाला. "चामडं अजून पांढरं दिसतंय. खिळ्यानं पाडल्यात तुमी, घरात कळू ने म्हणून."

अण्णांचा एकुलता मुलगा बंगळूरला, घरी फक्त आजारी बायको. त्यांना पंधरा-वीस दिवस रात्री चार-चार वेळा उठावं लागत होतं आणि तहानेने जीव कासावीस होत होता, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. साखर निघाली, भयंकर वाढलेली. वेळेत कळली म्हणून वाचले. आज औषधांवर ठणठणीत आहेत आणि ताकाच्या मिठावरून अजून भांडतात, असं मला तिथले लोक फोनवर सांगतात.

पण हे नंतरचं. त्या सकाळी गाडी मी चालवली, कारण सर्जेरावने अण्णांच्या हातातून किल्ली काढून माझ्याकडे दिली होती. तो त्यांच्याशेजारी मागं बसला. दवाखान्यात खिडकीतल्या मुलीने अण्णांचं नाव, वय लिहून घेतलं आणि विचारलं, पेशंटबरोबर कोण? मी पुढं होणार एवढ्यात सर्जेराव म्हणाला, मी. नातं काय लिहू, तिने विचारलं. तो अडखळला. कामगार म्हणावं की आणखी काही, त्याला ठरवता येईना.

"मी ह्यांचं वजन घेतो," तो शेवटी म्हणाला.

मुलीने गोंधळून अण्णांकडे बघितलं. अण्णा बाकावर बसले होते, मोजे घातलेले पाय फरशीवर, कारण बूट काट्यापाशीच राहिले होते. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेल्या त्या माणसाने मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "घेतोय त्यो. लिवा तसंच."